हवा कोण भरून देणार?

अमेरिकेतलं डायव्ह शॉप एकाच छपराखाली चार धंदे करतं. दर्शनी भागात सामान विकतं, मागच्या खोलीत कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरून देतं, कोपऱ्यातल्या टेबलावर रेग्युलेटर उघडून दुरुस्त करतं आणि संध्याकाळी जवळच्या जलतरण तलावात नवख्यांना स्कुबा शिकवतं. या चारांपैकी पैसा मिळवून देणारा धंदा वर्षानुवर्षं एकच राहिला, तो म्हणजे सामान विकण्याचा. इंटरनेटने नेमका तोच उचलून नेला. उरलेल्या तीन धंद्यांवर दुकान तगेल का, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षं तिथल्या डायव्हिंगच्या जगात धुमसतो आहे. बहुतेक वेळा त्याची चर्चा ‘स्वस्त विरुद्ध निष्ठा’ अशी होते. ही मांडणी मला अपुरी वाटते. दुकानं अडचणीत आली त्याचं मूळ त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे आणि ती पद्धत इंटरनेटच्या फार आधीची आहे.

आपल्याला वाटतं, असं दुकान समुद्रकिनारीच असणार. प्रत्यक्षात अमेरिकेतली कितीतरी दुकानं किनाऱ्यापासून शेकडो मैल आत आहेत. ओहायोतले लोक गिलबोआच्या जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यात डायव्ह करतात. मिसूरीत बॉन टेअरची बुडालेली शिशाची खाण आहे. कॅरिबियन बेटांवर सुट्टीला जाण्याआधी माणूस शिकतो तो अशा ठिकाणी, गावातल्या दुकानाच्या शिक्षकाकडे. त्यामुळे गावातलं दुकान बंद झालं की तिथल्या लोकांचा पाण्याखाली जाण्याचा रस्ताच बंद होतो. फ्लोरिडात एक दुकान बंद पडलं तर पुढच्या चौकात दुसरं असतं, नेब्रास्कात नसतं.

हा सगळा डोलारा उभा कसा राहिला ते बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचं उपकरण तयार केलं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेत आलं आणि लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागात रने बुसोझ यांच्या खेळसाहित्याच्या दुकानात विकायला लागलं. त्या काळी शिकवणारा कोणी नव्हता. पैसे दिले की टाकी पाठीवर. अपघात व्हायला लागले तेव्हा १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने प्रशिक्षकांसाठी पहिला पद्धतशीर अभ्यासक्रम काढला. १९६० मध्ये नाऊई आणि १९६६ मध्ये पॅडी या प्रशिक्षण संस्था निघाल्या. पॅडीच्या दोन संस्थापकांपैकी जॉन क्रोनिन हे यू. एस. डायव्हर्स या सामान बनवणाऱ्या कंपनीचे विक्रेते होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिकवणं आणि विकणं यांची गाठ पहिल्यापासूनच पक्की होती.

अमेरिकेत डायव्हिंगचं कार्ड असलंच पाहिजे असा कोणताही केंद्रीय कायदा नाही. धंद्यातल्या लोकांनी आपसात ठरवून घेतलं की कार्ड दाखवल्याशिवाय सिलिंडर भरून द्यायचा नाही, बोटीवर घ्यायचं नाही. सरकारने नियम लादण्याआधी आपणच शिस्त लावून घेऊ, हा त्यामागचा विचार होता आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण त्याचा दुसरा परिणामही झाला. हवा दुकानात, कार्ड दुकानात, म्हणून सामानही दुकानात. गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कुठे?

तरीही बाहेरून स्वस्त विकणारे तेव्हाही होतेच. साठच्या दशकात सीअर्सच्या कॅटलॉगमध्ये बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांच्या नावाचं स्कुबा सामान मिळायचं. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्किन डायव्हर’ मासिकाच्या पानांवर पुढे पोस्टाने सामान पाठवणाऱ्यांच्या बारीक टायपातल्या लांबलचक दरयाद्या छापून यायच्या. दुकानदारांची ओरड तेव्हाही हीच होती. १९६३ मध्ये गुस्ताव्ह दल्ला व्हाले आणि डिक बोनिन यांनी स्कुबाप्रो काढली ती याच ओरडीला उत्तर म्हणून म्हणता येईल: माल फक्त डायव्हिंगच्या खास दुकानांतूनच विकायचा, बाकी कोणाला द्यायचा नाही. दुकानदारांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही अधिकृत विक्रेत्यांचं असंच जाळं विणलं.

आता त्या दुकानाच्या हिशेबाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे.

नवख्याला आकर्षित करायचं तर अभ्यासक्रमाची फी कमी ठेवावी लागते. गावात दोन दुकानं असली की फीवरून चढाओढ लागते आणि फी इतकी खाली येते की तलावाचं भाडं, शिक्षकाचं मानधन, पुस्तकं, कार्डाचे पैसे वजा जाता हातात जवळजवळ काही उरत नाही. हवेचंही तेच. एक सिलिंडर भरायला आजही साधारण दहा-बारा डॉलर घेतात. पण भरणारा कॉम्प्रेसर हजारो डॉलरचा, त्याचे फिल्टर ठरावीक तासांनी बदलायचे, हवेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. श्वसनाच्या हवेसाठी पाळल्या जाणाऱ्या ‘ग्रेड ई’ प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. या सगळ्याचा खर्च दहा डॉलरमध्ये कुठून निघणार? तो निघायचा सामानावर. घाऊक भावाच्या दुप्पट किंमत लावायची, ही त्या धंद्यातली जुनी चाल. समजा रेग्युलेटर, बीसीडी (पाण्यात तरंग सांभाळणारं जाकीट) आणि डायव्ह कॉम्प्युटर मिळून गिऱ्हाइकाने दीड हजार डॉलरचं सामान घेतलं, तर त्यातल्या साडेसातशेंमधून भाडं, वीज, पगार आणि शिवाय त्या स्वस्त अभ्यासक्रमाचा व स्वस्त हवेचा तोटा भरून निघायचा.

एखाद्या डॉक्टरने तपासणी नाममात्र पैशात करायची आणि दवाखान्याला लागून असलेल्या आपल्याच औषधांच्या दुकानातून वसुली करायची, तसा हा प्रकार. रुग्ण चिठ्ठी घेऊन पलीकडच्या स्वस्त दुकानात जात नाही तोवर सगळं ठीक चालतं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्ण चिठ्ठी घेऊन पलीकडे जायला लागले. न्यूयॉर्कचं लेझरप्रो हे ऑनलाइन विक्रेत्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. नंतर स्कुबा डॉट कॉम, डिप-एन-डाइव्ह अशी नावं आली आणि अखेरीस ॲमेझॉनवर सगळंच मिळायला लागलं. ज्या कंपन्या आपला माल ऑनलाइन विकू देत नव्हत्या, त्यांचाही माल आडवाटेने यायचा: कुणा परदेशी वितरकाकडून, कुणा जास्तीचा साठा झालेल्या दुकानदाराकडून. माल अस्सल, पण कंपनीची हमी नाही. त्यावर विक्रेत्यांनी तोडगा काढला, ते स्वतःचीच हमी देऊ लागले. गिऱ्हाइकाला फरक पडेनासा झाला.

शनिवारी सकाळी दुकानात काय घडतं ते यानंतर ठरून गेलं. नवखा येतो, भिंतीवरचे मास्क उतरवून घेतो. दुकानातली मुलगी सांगते, पट्टा डोक्यामागे घेऊ नकोस, नुसता मास्क चेहऱ्याला टेकव, नाकाने हळूच श्वास आत ओढ आणि हात सोड. खाली पडला नाही तर तुझा. तीन-चार पडतात. गालफडं अरुंद आहेत, मिशी आहे, म्हणून ती आतून लहान, मऊ कडेचा दुसरा आणून देते. तो चिकटून बसतो. मग वेटसूट. खांद्यात सैल असेल तर पाणी आत फिरत राहतं आणि थंडी वाजते, म्हणून ती त्याला हात वर करायला, वाकायला लावते. पाऊण तास जातो. शेवटी तो खोक्यावरचा बारकोड मोबाइलमध्ये टिपतो, “घरी जरा बोलून सांगतो” म्हणतो आणि जातो.

या पाऊण तासाचे पैसे कोणी दिले? कोणीच नाही. अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्येच हा पेच मांडला होता. माहिती आणि सल्ला देणारा दुकानदार खर्च करतो. सल्ला न देणारा दुकानदार तो खर्च वाचवून किंमत खाली आणतो. गिऱ्हाईक सल्ला पहिल्याकडून घेतं आणि खरेदी दुसऱ्याकडे करतं. असं चालू राहिलं तर सल्ला देणारेच संपतील, म्हणून उत्पादकाने किमान विक्री किंमत ठरवून द्यावी यात काही तथ्य असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. पण अमेरिकी कायदा वेगळ्या वाटेने जात होता. १९११ च्या ‘डॉ. माइल्स’ खटल्यापासून उत्पादकाने विक्रेत्याशी करार करून किमान किंमत बांधणं सरसकट बेकायदा ठरलं होतं. १९१९ च्या ‘कोलगेट’ निकालाने एक फट ठेवली: करार करू नका, पण ‘माझ्या भावाखाली विकणाऱ्याला मी माल देणार नाही’ असं एकतर्फी जाहीर करायला हरकत नाही. डायव्हिंग कंपन्या वर्षानुवर्षं या फटीतून वाट काढत राहिल्या. २००७ मध्ये चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या ‘लीगिन’ या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी डॉ. माइल्सचा निकाल मोडीत काढला. सरसकट बंदी गेली. प्रत्येक प्रकरण त्याच्या परिणामांवर तपासायचं ठरलं. न्यायालयाच्या बहुमताने जो मुख्य युक्तिवाद मान्य केला, तो टेल्सर यांच्याच वळणाचा होता.

दुकानदारांना वाटलं, आता सुटलो. तसं झालं नाही. बहुतेक कंपन्यांनी किमान जाहिरात किंमत लागू केली. म्हणजे ठरलेल्या रकमेखाली जाहिरात करायची नाही. विकायची किंमत मात्र विक्रेत्याच्या हातात. वेबसाइटवर मग ‘किंमत कार्टमध्ये दिसेल’ किंवा ‘फोन करा’ असे मजकूर झळकू लागले. शिवाय किंमत सगळीकडे सारखी झाली तरी साठ्याचं काय? गावातल्या दुकानात फिन्सचे तीन आकार, दोन रंग. ऑनलाइन गोदामात सगळेच. याहून वाईट म्हणजे किमतीचं संरक्षण मिळाल्यावर अनेक दुकानांनी आपला जुना हिशेब तपासायचं टाळलं. अभ्यासक्रम स्वस्तच राहिला, हवा स्वस्तच राहिली आणि सगळा भार पुन्हा त्या दुप्पट किमतीवर. मला हे संरक्षण दुकानांच्या हिताचं कधीच वाटलं नाही. त्याने दहा वर्षं मिळाली आणि ती वाया गेली.

एका बाबतीत मात्र दुकानदारांची तक्रार शंभर टक्के रास्त होती. १९९२ च्या ‘क्विल’ निकालानुसार ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान किंवा गोदाम नाही, त्या राज्यातल्या गिऱ्हाइकाकडून त्याला विक्रीकर घ्यावा लागत नसे. बऱ्याच राज्यांत हा कर सहा ते नऊ टक्क्यांच्या घरात जातो. दीड हजारांच्या सामानावर शंभरेक डॉलरचा फरक निव्वळ कायद्याने घडवलेला, त्यात कुणाची हुशारी नाही की मेहनत नाही. २०१८ च्या जूनमध्ये ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ या निकालाने तो मिटला. तोवर कितीतरी दुकानांची शटर्स खाली आली होती.

दुकानदारांचा सर्वांत आवडता युक्तिवाद भीतीचा. ‘हे तुमचा जीव तगवणारं उपकरण आहे, ते कुठूनही घेऊ नका.’ यात तथ्य किती? डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी २००८ मध्ये ९४७ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघाताची सुरुवात कशाने झाली हे ज्या प्रकरणांत कळलं, त्यांत ४१ टक्के ठिकाणी हवा अपुरी पडली होती, २० टक्के ठिकाणी माणूस अडकला होता आणि १५ टक्के ठिकाणी उपकरणाची अडचण होती. म्हणजे माणसं मरतात ती प्रामुख्याने गेजकडे न पाहिल्यामुळे, चुकीच्या ठिकाणी शिरल्यामुळे. खोकं कोणत्या पत्त्यावरून आलं याचा याच्याशी संबंध जोडता येत नाही. नव्या कोऱ्या रेग्युलेटरवर कारखान्यातच चाचणी झालेली असते. तो गावात घेतला काय आणि घरपोच आला काय, सारखाच. भीती दाखवून विकणाऱ्या दुकानदाराने स्वतःचंच नुकसान केलं. चार ठिकाणी वाचून आलेल्या गिऱ्हाइकाला त्यात दम नसल्याचं कळतं आणि मग त्याच दुकानदाराच्या खऱ्या बोलण्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

खरं बोलणं दुरुस्तीच्या टेबलावर आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोनशे बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो उतरवून भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणतो, दुसरा टप्पा तोंडाशी श्वासाइतका. कारागीर पहिला टप्पा उघडतो, भाग अल्ट्रासॉनिक पात्रात धुतो, भिंगाखाली धरून धातूच्या धारेवर ओरखडा आहे का बघतो, जुने ओ-रिंग आणि प्लॅस्टिकची बैठक काढून नवी बसवतो. मग जोडणी करून मधल्या दाबाचा गेज लावतो आणि नुसतं बघत बसतो. काटा नऊ-साडेनऊवर येऊन ठाम थांबला पाहिजे. अगदी हळूहळू, मिनिटभरात केसाएवढा जरी वर सरकला तरी बैठक नीट बसलेली नाही, पुन्हा उघडायचं. खारं पाणी, वाळू, नीट न धुता ठेवून दिलेलं सामान यांनी काय केलं ते या टेबलावर उघडं पडतं. काही कंपन्या दर वर्षी, काही दोन वर्षांनी हे करायला सांगतात. ॲटॉमिकसारखी कंपनी दोन वर्षं किंवा ३०० डायव्ह असं सांगते.

हे काम गोदामातून होत नाही असं नाही, पार्सलने रेग्युलेटर पाठवून दुरुस्त करून घेणारे पुष्कळ आहेत. पण या कामावरही दुकानदाराचा हक्क कंपन्यांनी कृत्रिमपणे राखून ठेवला. सुटे भाग फक्त अधिकृत विक्रेत्याला, प्रशिक्षणही त्यालाच. घरी स्वतः दुरुस्ती शिकू पाहणाऱ्या अनुभवी डायव्हरला बैठक आणि ओ-रिंगांचा संच मिळवायला धडपडावं लागायचं. आता काही छोट्या कंपन्या असे संच थेट वापरणाऱ्याला विकतात. माझ्या मते हे चांगलंच झालं. जो स्वतः एकदा रेग्युलेटर उघडतो, त्याला चांगल्या कारागिराची किंमत कळते आणि तो ती द्यायला तयार होतो.

सिलिंडर मात्र पार्सलच्या जगात बसतच नाही. ॲल्युमिनियमचा नेहमीचा ‘८०’ आकाराचा सिलिंडर चौदा-पंधरा किलोंचा. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमाने दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते आणि धंद्याच्या शिस्तीप्रमाणे दर वर्षी आत दिवा सोडून तपासणी. १९८८ पूर्वीच्या अनेक सिलिंडरांत वापरलेल्या ‘६३५१’ मिश्रधातूला मानेशी भेगा जायच्या. काही फुटले, भरणारे जखमी झाले. असा सिलिंडर ओळखून ‘हा मी भरणार नाही’ असं सांगणारं माणूस कुठल्याही वेबसाइटवर नसतं. डायव्ह शॉप बंद पडलं की पहिली आठवण येते ती हवेची. फिन्स कुठूनही येतील.

दुकानदाराचं लक्ष ऑनलाइन विक्रेत्याकडे लागलेलं असताना त्याच्या पाठीमागे दुसरंच काही चाललं होतं आणि ते मला जास्त गंभीर वाटतं. प्रशिक्षण संस्थांनी अभ्यासाचा वर्गातला भाग ऑनलाइन नेला. विद्यार्थी घरी बसून धडे वाचतो, त्याचे पैसे संस्थेकडे जातात, दुकानात तो येतो फक्त पाण्यापुरता. पूर्वी तीन-चार संध्याकाळी वर्गात बसल्यावर शिक्षकाशी, दुकानाशी जी ओळख व्हायची ती आता होत नाही. २०१७ मध्ये पॅडी ७० कोटी डॉलरला विकली गेल्याच्या बातम्या आल्या; दुकानदारांच्या जिवावर उभी राहिलेली संस्था एका गुंतवणूकदाराकडून दुसऱ्याच्या हाती गेली. मारेस या सामान बनवणाऱ्या कंपनीच्या मालक हेड समूहाकडे २०१४ मध्ये एसएसआय ही प्रशिक्षण संस्था आली. एर लिक्विद या फ्रेंच वायू कंपनीने २०१६ च्या अखेरीस ॲक्वालंग ही आपली सामान बनवणारी कंपनी विकली आणि अलीकडे कुस्तोंच्या वारशाचा तो ब्रँडही त्याच हेड समूहाकडे गेला. उत्पादक, प्रशिक्षण आणि प्रवास एकाच मालकाकडे गोळा होत असताना मधल्या दुकानाला तो किती काळ सांभाळेल?

डायव्ह कॉम्प्युटरचं तर दालनच दुकानातून उठून जायला लागलं. गार्मिनने २०१७ मध्ये मनगटी डायव्ह कॉम्प्युटर आणला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलचं अल्ट्रा घड्याळ आलं, ४० मीटरपर्यंत डायव्ह कॉम्प्युटरचं काम करणारं, ७९९ डॉलरचं. ते कोणत्याही मॉलमध्ये मिळतं. अशी महागडी वस्तू ज्या दिवशी मोबाइलच्या दुकानात गेली, त्या दिवशी लेझरप्रोशी चाललेलं भांडण जुनं झालं.

युरोपाकडे पाहिलं की हा पेच अटळ नव्हता हे कळतं. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब १९५३ पासून आहे. त्याच्या शाखांमधून सभासदच नव्या सभासदांना शिकवतात, बहुतांशी विनामोबदला. कित्येक शाखांचा स्वतःचा कॉम्प्रेसर आहे, बोट आहे. फ्रान्समध्येही तिथल्या डायव्हिंग महासंघाशी जोडलेल्या क्लबांची तशीच परंपरा आहे. तिथे शिकवण्याचा खर्च सामानाच्या किमतीत दडलेला नसतो. सामान कुणीही विकावं. २०११ मध्ये ‘पिएर फाब्र’ या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने तर अधिकृत विक्रेत्यांना ऑनलाइन विक्री सरसकट नाकारणं हे स्पर्धेवर घाला घालण्यासारखं ठरवलं. तिथली दुकानंही मोडली, नाही असं नाही. पण दुकान मोडल्यावर क्लबातलं शिक्षण आणि क्लबाची हवा चालू राहिली. अमेरिकेत चारही गोष्टी एका दोरीने बांधलेल्या, म्हणून एक पडली की चारही पडतात.

मग तिथे टिकलंय कोण? नीट पाहिलं तर ‘गावातलं’ आणि ‘ऑनलाइन’ ही विभागणीच आता तितकीशी खरी राहिलेली नाही. फ्लोरिडातल्या डायव्हर्स डायरेक्टची दुकानं आहेत आणि वेबसाइटही. तिथलंच डायव्ह गिअर एक्स्प्रेस हे प्रामुख्याने तांत्रिक डायव्हरांसाठी ऑनलाइन विकतं आणि त्याची माहितीची पानं कुठल्याही दुकानदाराच्या सल्ल्याच्या तोडीची आहेत. सल्ला म्हणजे दुकान आणि सवलत म्हणजे वेबसाइट, हे समीकरण तिथे लागू पडत नाही. दुसऱ्या बाजूला काही छोटी दुकानं आहेत, ज्यांनी अभ्यासक्रमाची फी दुप्पट केली, वर्गात चारच विद्यार्थी घेतले आणि सामान ऑनलाइन भावात ठेवलं किंवा ठेवलंच नाही. पॅडीच्या नियमात खुल्या पाण्यात एका शिक्षकामागे आठ विद्यार्थी चालतात. चार घेणारा शिक्षक कमी कमावतो असं वाटेल, पण त्याच्या हातून तयार झालेला डायव्हर पुढच्या वर्षी पुन्हा येतो. ड्रायसूटच्या मानेचं आणि मनगटाचं सील बदलणं, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) मिसळणं, वर्षभराच्या हवेची वर्गणी, शनिवारची खाणीवरची सहल, बाहेरून घेतलेलं सामानही तोंड वाकडं न करता दुरुस्त करून देणं: यातून त्यांचं चालतं. ‘हे तू आमच्याकडून घेतलेलं नाहीस’ म्हणून रेग्युलेटर परत देणाऱ्या दुकानाने एक गिऱ्हाईक कायमचं घालवलेलं असतं. डायव्हरांच्या गप्पांत हा अनुभव इतक्या वेळा ऐकू येतो की दुकानं बंद पडण्यामागे किमतींइतकाच या वागण्याचा हात असावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जागेचा प्रश्न मात्र एकट्या दुकानदाराच्या हातातला नाही. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमजवळ डच स्प्रिंग्ज ही बुडालेली खाण ईशान्य अमेरिकेतल्या दुकानांचं प्रशिक्षणाचं मोठं ठिकाण होतं. ती जागा गोदामं बांधणाऱ्या विकसकाला विकायचं ठरलं आणि २०२१ च्या अखेरीस तिथलं डायव्हिंग थांबलं. सुदैवाने पुढे तळं वेगळ्या नावाने पुन्हा खुलं झालं. पण मधल्या काळात न्यूयॉर्क, न्यूजर्सी, फिलाडेल्फियाच्या दुकानांना शनिवार-रविवारी विद्यार्थ्यांना न्यायचं कुठे हा घोर लागला होता.

आपल्याकडे मालवणात चित्र उलटं आहे. किल्ले सिंधुदुर्गाच्या आसपास स्कुबा करवणाऱ्या बोटींवर बरीचशी मच्छीमार घरांतली मुलं काम करतात आणि येणारा बहुतेक पर्यटक आयुष्यात एकदाच वीस मिनिटं पाण्याखाली जातो. तो मास्कसुद्धा विकत घेत नाही. त्यामुळे सामानाच्या नफ्यावर अभ्यासक्रम पोसायची अमेरिकी रीत इथे आलीच नाही. माणसामागे घेतलेल्या पैशांतच सिलिंडर, बोट, डिझेल आणि मजुरी बसवावी लागते. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था उभी राहिल्यावर रीतसर शिकणारे वाढले. मुंबई-पुण्याचे जे लोक पुढे अंदमान, नेत्राणी, थायलंडला नियमित जायला लागतात ते आपलं सामान बाहेरून घेऊन येतात, किंवा अमेरिकेतल्या भावाबहिणीला सांगतात, “येताना बॅगेत टाक.” स्वस्त पडतं, हमीचा विचार कोणी करत नाही.

यातून जे व्हायचं ते होऊ लागलं आहे. सामान मुंबईत आहे आणि ते उघडून मधल्या दाबाच्या गेजवर तपासणारा कारागीर गाठायला पार्सल दुसऱ्या राज्यात पाठवावं लागतं, किंवा पुढच्या परदेशवारीपर्यंत थांबावं लागतं. कोकणच्या किनाऱ्यावर कॉम्प्रेसर आहेत, बोटी आहेत, पाणी ओळखणारी माणसं आहेत. मालवणच्या दोन-चार हुशार मुलांना कंपन्यांच्या दुरुस्ती अभ्यासक्रमाला पाठवून तिथे एक चांगलं टेबल उभं केलं, दर फलकावर लावले आणि सामान कुठून घेतलं हे न विचारता कामाचे पुरेसे पैसे घेतले, तर मुंबई, पुणे आणि गोव्याचे डायव्हर ते आनंदाने देतील. सामान विकायचं दुकान त्यासाठी लागणार नाही.